हंसालासुद्धा ‘तू’

ग्रासिएतबाईंनी मिटलेली छत्री गाडीच्या दारात आडवी धरली आणि मागे वळून हाक मारली.

"अदेलीनोराव, पळा."

अदेलीनोराव पळाले. वय एकाहत्तर, पायात नवे चावरे बूट, काखेत कॉड माशाच्या वड्यांचा डबा. ते आत शिरले आणि दार लागलं. तोवर बाईंनी टाय लावलेल्या एका भारदस्त गृहस्थाला, "अरे, बॅगेचं तिकीट काढलंयस का? उचल ती," असं सुनावून खिडकीजवळच्या दोन जागा मोकळ्या करून घेतल्या होत्या. गृहस्थानं मुकाट्यानं बॅग मांडीवर घेतली. लिस्बनमध्ये अनोळखी माणसाला असं अरेतुरे कुणी करत नाही, पण ग्रासिएतबाईंपुढे बोलणार कोण?

आमच्या जिन्यावर सगळ्यांना हे ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावर त्या शिवणकाम करतात आणि खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. मासेवाली, पोस्टमन, घरमालक, सगळे ‘तू’. देवघरातल्या संत अंतोनियोलाही ‘तू’, आणि हरवलेली कात्री त्यानं वेळेत शोधून दिली नाही तर त्याचं तोंड भिंतीकडे.

फक्त पहिल्या मजल्यावरच्या अदेलीनोरावांना ‘तुम्ही’. बाईंचे यजमान जाऊन सात वर्षं झाली, रावांची बायको तर त्याच्याही आधी गेलेली. चार वर्षं दर रविवारी ते त्यांच्याकडे सूप प्यायला जातात, आणि चार वर्षं "मीठ पुरे का तुम्हाला?" एवढंच ऐकून खाली येतात. आमच्याकडची रीत अशी की, ‘तू’ म्हणायची मुभा बाईनं द्यायची, पुरुषानं ती मागायची नसते. राव वाट पाहून थकले होते. आज काय वाटेल ते होवो, रीत मोडायची आणि घरी परतायच्या आत विचारायचंच, असं ठरवून त्यांनी ही सिंत्राची सहल काढली होती.

रोस्सियो स्थानकातून गाडी निघते ती थेट बोगद्यातच. राव मनात म्हणाले, आत्ताच उरकून टाकावं. त्यांनी घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. चाकांच्या खडखडाटात त्यातला एकही शब्द धड पोचला नाही.

"काय म्हणालात?" बाईंनी कान पुढे केला.

"काही नाही. बोगदा लांब आहे."

सिंत्राला धुकं होतं आणि राव खुशीत होते. चाळीस वर्षं त्यांनी लिस्बनच्या भिंतींना फरशा बसवल्या. इथल्या राजवाड्यातल्या जुन्या निळ्या-हिरव्या फरशा पाहून ते इतके हरखले की, हात लावायचा मोह नको म्हणून त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले. सांधा कसा मारलाय, एक रेघ इकडची तिकडे नाही, असं बराच वेळ सांगत राहिले. बाईंनी मन लावून ऐकलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी एवढं बोलू दिलं नसतं, पण हे रावांच्या ध्यानात यायचं नव्हतं.

मग हंसांचं दालन आलं. छतभर हंस रंगवलेले, प्रत्येकाच्या मानेभोवती सोन्याचा मुकुट. बाई मान मागे टाकून एकेकाला न्याहाळू लागल्या आणि कोपऱ्यातल्या एकापाशी थांबल्या.

"काय रे, तू का तोंड फिरवून बसलायस?"

रावांनी वर पाहिलं. छतावरच्या हंसालाही!

त्या तिरिमिरीत त्यांनी स्वयंपाकघर गाठलं. तिथली धुरांडी म्हणजे आत उभं राहून वर पाहावं तर टोपी पडेल एवढी उंच. मागोमाग आलेल्या बाई एका धुरांड्याखाली उभ्या राहून वर पाहत होत्या. राव शेजारी गेले.

"मला ‘तू’ म्हणाल का?"

ते हळूच बोलले होते, पण धुरांड्यानं ते सगळ्या स्वयंपाकघराला ऐकवलं. परदेशी पाहुण्यांना काही कळलं नाही. पहारेकऱ्याला कळलं, आणि तो भला माणूस तांब्याच्या भांड्यांकडे बघू लागला.

"नाही," ग्रासिएतबाई म्हणाल्या. "चला, भूक लागली."

मिठाईच्या दुकानात त्यांनी बदामाचं सारण भरलेल्या, वर साखर पेरलेल्या गरमागरम ‘उशा’ नावाच्या पेस्ट्र्या घेतल्या. राव समोर बसले, पण आपली उशी त्यांनी तशीच ठेवली. बूटही आता फारच चावत होते. बाईंनी एक उशी अर्धी खाल्ली, बोटं झटकली आणि पहिल्यांदाच जरा अडखळत बोलल्या.

"सगळ्या जगाला मी ‘तू’ म्हणते. ‘तुम्ही’ म्हणताना माझा आवाज कसा होतो, कधी ऐकलात? मला तो आवडतो. तुमच्यासमोरच निघतो तो. तेवढा राहू द्या मला."

रावांनी मान वर केली.

"आणि दुसरं असं," बाई बशीकडे बघत म्हणाल्या, "मला ‘तू’ म्हणणारं आता कुणी नाही. सगळ्या गल्लीला मी ‘बाई’. मुलीसुद्धा ‘आई, तुम्ही जेवलात का’ असं विचारतात. म्हणणारा एकच होता, तो गेला. तुम्ही म्हणा. मुभा दिली."

अदेलीनोरावांनी समोरची उशी उचलली आणि दोन घासांत संपवली. मग आणखी एक मागवली. संध्याकाळच्या गाडीत त्यांनी बूट सैल केले आणि रिकामा डबा मांडीवर ठेवला. सगळ्या वाटेनं ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत होते. लिस्बन जवळ आलं, गाडी बोगद्यात शिरली.

"ग्रासिएत," ते म्हणाले, "तुझ्या हनुवटीला साखर लागलीय."

"काय म्हणालात? बोगदा आहे."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत नाही हो."

मग ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की, पलीकडच्या बाकावरच्या बायका वळून हसल्या. बाईंनी कान आणखी जवळ आणला. बोगदा संपेपर्यंत रावांनी ते एकूण पाच वेळा सांगितलं, आणि रोस्सियोच्या फलाटावर उतरेपर्यंत ग्रासिएतबाईंनी साखर पुसली नव्हती.