दाताखालची माती

"दीदी, कल सुबह खोदनेवाली मशीन आ रही है. बस इतना बता दो, तालाब कहाँ खोदूँ?"

कुंडमच्या तुळशीरामने दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या. एक वरच्या शेतातली, एक नाल्याकाठची. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नव्यानेच आलेल्या विनता मॅडमनी दोन्हींतली चिमूट चोळून पाहिली.

"शेवंताबाई, दोन्ही मऊच लागून राहिल्या. बरणीत घोळून ठेवू या?"

शेवंताबाई अठ्ठावीस वर्षं इथल्या बरण्या धूत आली होती. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तास घेतो, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते, हे तिने शाळांमधून येणाऱ्या कितीतरी पोरांना दाखवलं होतं. "वाळू म्हणजे रवा, पोयटा म्हणजे पीठ, अन् चिकण म्हणजे काजळ. बोटाले लागलं का सुटत नाही," असं म्हणून ती पोरांच्या नाकाला चिखल लावायची.

"बरणीले उद्या होईल, मॅडम. तवर याची मशीन खोदून मोकळी! पोयट्यात तळं खोदलं तर पाणी झिरपून जाते. द्या इकडे."

तिने माती भिजवली, मळली, अंगठ्याने तर्जनीवरून पुढे सरकवत फीत काढली. चिकणमातीची फीत लांब लोंबते, पोयट्याची लगेच तुटते. तुटली. दुसऱ्या पिशवीतलीही तुटली.

दिवाळीपासून तिच्या बोटांना काही कळत नव्हतं. शुगरने आधी पायाची, मग हाताची जाणीव नेली होती. अंगठा कुठे जास्त दाबला जातो तेच समजेना. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि साहेब लोक तिला विचारायचे ते या बोटांसाठीच. नाही तर बरण्या काय, कोणीही धुईल.

"क्या हुआ, दीदी?"

"थांब ना भैया, काहून घाई करतोस!"

तिने वरच्या शेतातली चिमूटभर माती पुढच्या दातांत धरली आणि हळूच घासली. बारीक करकर. पोयटा. थुंकून, चूळ भरून तिने दुसरी घेतली. दात लोण्यावरून फिरावेत तसे फिरले.

"नाल्याकाठची चिकण आहे. तिथं खोद."

"पक्का?"

"मॅडम फीत काढून दाखवतात."

तिने विनताचं मनगट धरलं. "दाबू नका. पोळीचा काठ लाटतो तसं, हलक्यानं." विनताच्या बोटांवरून नाल्याकाठच्या मातीची फीत निघाली, लोंबली, बोटभर लांब झाली तरी तुटेना. तुळशीराम पिशव्या उचलून हसत निघाला.

विनता फीत हातात धरूनच उभी होती. "बाई, बोटं कधीपासून?"

शेवंताबाईने बरणी धुवायला घेतली. "दिवाळीपासून."

नळ वाहत राहिला.

"चलो, उद्या सिहोऱ्याच्या बारा पिशव्या येऊन राहिल्या," विनता म्हणाली. "फिती मी काढते. तुम्ही बाजूला बसा. चुकले तर सांगा."

"अन् सांगूनही चुकलात तर?"

"तर पोरांना लावता तसा माझ्या नाकाला चिखल लावा."

संध्याकाळी गोहलपूरच्या ऑटोत शेवंताबाईच्या दाढेत बोटांना न कळणारा एक कण करकरला. जिभेने तो काढता आला असता. तिने तो घरापर्यंत तसाच राहू दिला.