लाल फुलीचं मॅगझिन

ऑर्विल ट्वेटने कानस उचलली आणि परत ठेवून दिली. लुइसटाउनमध्ये बंदुका दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. गोळी अडकली की लोक आधी कानस घेऊन बसतात, याची त्याला मनस्वी चीड होती. घासलेलं पोलाद परत येत नाही.

समोर वांडा शेलस्टाड बसली होती. तिचा नवरा लिरॉय फेब्रुवारीत गेला. रविवारी नेमबाजीच्या क्लबात त्याच्या नावाची स्पर्धा होती आणि पहिल्या पाच गोळ्या वांडाने, त्याच्याच पिस्तुलातून झाडायच्या होत्या.

"दर तिसऱ्या गोळीला अडकतंय रे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर अडकलं, तर मेल्याहून मेल्यासारखं होईल मला. काय घासायचं ते घास."

ऑर्विलने पिस्तूल फडक्यावर सुटं केलं. १९१८ सालचं. सुटं करायला एकही अवजार लागलं नाही. स्प्रिंग ठणठणीत, गोळी वर चढते तो उतारही आरशासारखा. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी हे कागदावर काढलं, आणि चिखलात लोळून, चार पिढ्यांच्या हातांत राहून ते अजून तसंच होतं. दर वेळी हे पाहताना त्याचा ऊर भरून यायचा. दुकानामागच्या मातीच्या बांधावर त्याने पिस्तुलात स्वतःचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, सरकवून सात गोळ्या झाडल्या. सातही बिनबोभाट गेल्या.

"तुझं मॅगझिन बघू."

त्याच्या तळाला लाल फुली होती. क्लबात जो तो आपल्या मॅगझिनवर आकडे रंगवतो, म्हणजे दगा देणारं कोणतं ते कळतं. फुली म्हणजे बाद.

"ही तर माझी नेलपॉलिश!" वांडा ओरडली. "तरीच बाटली संपायची मेली!"

"बाकीची सोडून हेच का आणलंस?"

"शेवटपर्यंत त्याच्या जाकिटात होतं."

ऑर्विल हसला. "शिकायला नवा माणूस आला की लिरॉय गुपचूप हेच हातात द्यायचा. अडकलं की तो घाबरायचा. मग लिरॉय म्हणायचा, 'तळाला चापट, स्लाइड मागे, पुढे चल.' मलाही फसवलंय लेकाने."

वांडा बराच वेळ फुलीवर अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "चापट कशी मारायची, दाखव."

त्याने दाखवलं, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भागही मागे ओढून दाखवला, आणि आपलं एक नंबरचं चांगलं मॅगझिन बरोबर दिलं.

रविवारी वांडाने खिशातून मॅगझिन काढलं. ऑर्विलला तळाची लाल फुली दिसली. एक गोळी गेली, दुसरी गेली, तिसरी अडकली.

पिस्तूल समोरच धरून वांडाने तळाला चापट मारली आणि स्लाइड मागे खेचून सोडली. उरलेल्या गोळ्याही गेल्या.

ऑर्विलने मागे पाहिलं. लिरॉयच्या हाताखाली शिकलेली वीसेक माणसं टोप्या काढून उभी होती आणि प्रत्येकाचा डावा तळवा चापट मारायला नकळत वर उचलला गेला होता.