मुकं पाणी

ओढणीचं टोक दातांत धरून तुमार सौर पॅनेलवरची वाळू पुसत होती. रात्रभर वाऱ्यानं तिथं आपली बोटं फिरवली होती. काळ्या काचेवर बारीक बारीक लाटा उठल्या होत्या. ओला फडका फिरला की एकेक लाट विरायची आणि खालून आभाळ वर यायचं. गेल्या आठवड्यात करकोच्यांचा एक थवा या काचांना तळं समजून खाली उतरला होता. बराच वेळ घिरट्या घालून, फसल्याची लाज वाटल्यासारखा मुकाट्यानं उत्तरेला निघून गेला.

सूर्य टेकडीच्या वर हातभर आला आणि पंप सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, नळीच्या तोंडाशी पाणी आलं, इतकंच. ना धडधड, ना धूर. विहिरीच्या पोटातलं पाणी झोपेत चालत वर यावं तसं आलं आणि मेंढ्यांच्या लांब हौदात उतरू लागलं.

बेशिम आगा हौदाशी उभे होते. मेंढीच्या कातड्याची जाड टोपी कपाळावर ओढलेली, काठी छातीशी.

"सुरू झालं का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, डोळ्यांसमोर तर पडतंय," नूरतेच म्हणाली. तिचा उजवा गाल दाढेनं सुजला होता, त्यामुळे बोलणं तोंडातच लोळत होतं.

आगांनी वाकून हौदात हात घातला. पाणी बोटांना लागल्यावर हात काढून दाढीला पुसला.

"सांग तुझ्या सुनेला, आवाज नसलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. काम करणाऱ्यानं कण्हावं तरी."

"चाळीस वर्षं तुम्ही शेजारी घोरताय, तेवढा आवाज पुरे झाला मला."

तुमार ओढणीआड हसली. हसू दिसण्यासारखं नव्हतं आणि ऐकू येण्यासारखं तर नव्हतंच. लग्न होऊन येऊन तिला सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत सासऱ्यासमोर तिच्या तोंडून एक शब्द गेला नव्हता. तशी रीतच होती. सासरा एखादी भेट देऊन सुनेचं तोंड मोकळं करतो, तोवर तिनं ओठ झाकायचे. आगांच्या मनात काही कडवटपणा नव्हता. ते नुसतं राहून गेलं होतं, जसं घरात एखादं दार लावायचं राहून जातं. काही सांगायचं तर ते बायकोमार्फत सांगत, आणि तुमार मानेनं उत्तर देई.

पंप तिनंच बसवला होता. मारी शहरात ती वीजकाम शिकली होती. डिझेलचं पिंप दर महिन्याला वाळूतून ओढत आणावं लागायचं, कधी मिळायचं, कधी नाही. आणि न मिळालं की तहानलेल्या मेंढ्या हौदाचा कोरडा दगड चाटत. म्हातारा-म्हातारीला इथं राहायचं असेल, तर पाणी कुणाच्या दयेवर नको, असं तिनं नवऱ्याला पटवलं होतं. आगा मात्र जुनं इंजिन सोडायला तयार नव्हते. पाणी भरलेलं असलं तरी रोज दुपार कलली की ते इंजिन चालू करायला लावत. गंज चढेल म्हणत. मग संध्याकाळपर्यंत त्याची धडधड वाळूवर लांबवर पसरत राही, आणि त्या धडधडीबरोबर कळप घरी येई.

आज ते इंजिन गुवानचच्या ट्रकवर चढलं होतं. गुवानच, तुमारचा नवरा, जमिनीखालच्या नळांतून गॅस पुढे रेटणाऱ्या ठाण्यावर कामाला होता. रजेवर आला होता, आणि आज आईला दाढ काढायला तालुक्याला न्यायचं म्हणताना जाता जाता इंजिनाचंही गिऱ्हाईक त्यानं ठरवून टाकलं होतं.

"बाबा, पवनचक्क्यांची मापं घ्यायलाही माणसं आलीत पलीकडच्या कड्यावर," दोर आवळत तो म्हणाला. "ऊन नि वारा इथलं काम करणार, आणि गॅस जाणार बाहेर विकायला. आपल्या पायाखालून जातो नि आपल्याला वासही लागत नाही त्याचा! तुम्ही शहरात चला. मावशीकडे बघा, गॅस फुकट होता तेव्हाच्या सवयीनं शेगडी अजून दिवसभर जळतीच ठेवते. काडी कोण वाया घालवणार म्हणते."

"न विझणाऱ्या चुलीपाशी माणूस जागा कशाला राहील?" आगा म्हणाले. मग ट्रकपाशी जाऊन त्यांनी इंजिनाच्या थंड लोखंडावर तळवा ठेवला, म्हाताऱ्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

गुवानचनं तुमारला ट्रकच्या पलीकडे बोलावलं.

"लक्ष ठेव त्यांच्यावर," तो हळू आवाजात म्हणाला. "परवा दाराच्या खांबाला धडकले. मोठ्या दादाचं नि माझं ठरलंय. त्यांना रान झेपत नाही असं दिसलं, की हिवाळ्याआधी कळप विकायचा आणि दोघांना उचलून शहरात न्यायचं. तसं काही दिसलं तर मला सांग. बापावर दया करतेस असं समजून गप्प बसू नकोस."

"मी तर गप्पच असते," तुमार म्हणाली.

तो हसला. ट्रक गेला. धूळ उठली, लोंबकळली, मग जिथल्या तिथे बसली. आगांनी शिट्टी घातली, दाढीवाला म्होरक्या बोकड पुढे झाला आणि कळप उत्तरेकडे वाहू लागला.

दुपार पांढरी होती. दक्षिणेचा वारा सुटला होता. जोराचा नव्हे, नुसता वाळूशी बोलत बसल्यासारखा. त्यानं हवेत इतकी बारीक धूळ मिसळली की आभाळ आणि जमीन एकाच पिठाची झाली. सक्सौलाची झुडपं मध्येच तरंगत. तुमारनं तंदूरमध्ये रोट्या लावल्या, काढल्या, फडक्यात गुंडाळल्या. पंप पाणी देत होता. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नात काम करतोय, आणि त्याला जाग येऊ नये म्हणून सगळ्या वस्तू पाय न वाजवता वावरताहेत.

मग बोकड दिसला. त्याच्यामागे मेंढ्या आल्या, शेवटी कुत्रा. हौदाशी गर्दी झाली, थुंकीसारखा फेस उडाला. तुमार ओढणी सावरून उभी राहिली. कुत्रा जीभ काढून आडवा झाला. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

ती वाट बघत राहिली. मेंढ्यांची तहान भागली. मागे राहिलेल्या एखाद्या मेंढीच्या शोधात गेले असतील. तसं पूर्वीही झालं होतं, आणि मेंढीला खांद्यावर टाकून आगा इंजिनाची धडधड थांबायच्या आत परतले होते.

इंजिनाची धडधड.

तुमार घरामागच्या वाळूच्या टेकाडावर धावत चढली.

टेकाडापलीकडे टाकीर होतं, भाजल्या भाकरीसारखं तडकलेलं कडक मातीचं पांढरं मैदान, जिथं पाऊल उमटत नाही. त्याच्या मधोमध एक काळा ठिपका हलत होता. ती टोपी होती; तिच्याखाली खांद्यावर आडवी मेंढी. आगा चालत होते, घराकडे नव्हे, उगवतीच्या वाळूकडे, जिथं पुढे दोन दिवस विहीर नव्हती. थोडं चालले आणि थांबले. टोपी एका कानावरून वर सरकवली. मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. पुन्हा चालू लागले, आता भलत्याच दिशेनं. एक झुडूप आलं. अगदी जवळ जाऊन त्यांनी काठी टेकवली, मग मोकळ्या हातानं फांद्या चाचपल्या, कुणाचा तरी चेहरा ओळखावा तशा.

हौदात घातलेला हात. नूरतेच चहाची वाटी नेहमी त्यांच्या बोटांना लागेल अशी सरकवायची, ते. दाराचा खांब. दर दुपारी इंजिन चालवायला सांगितलेलं गंजाचं निमित्त.

ते ऐकत घरी येत होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. आणि आज त्यांच्या घराचा आवाज ट्रकवर चढून गेला होता. तो घालवायला कारण झालेली वस्तू तिनं आपल्या हातानं बसवली होती.

टेकाड उतरून ती पळत सुटली. दहा-वीस पावलांवर थांबली.

जाऊन हात धरला असता, तर पुढे काय? हात धरून आणलेला मेंढपाळ. सुनेनं हात धरून आणलेला. तो पुन्हा उद्या कुठल्या तोंडानं कळपाला शिट्टी घालेल? "बाबा, इकडे!" म्हणून हाक मारली, तरी तेच. हाकेचा अर्थ एवढाच, की तुम्हाला दिसत नाही हे मला दिसलं.

ती मागे फिरली. हौदावरची लोखंडी बादली उचलून दगडावर आपटली. आवाज एकदा खणकला आणि वाळूत मुरून गेला. टाकीरावरची टोपी थबकली, गरगरली, आणि आणखीच उजवीकडे वळली.

तुमारनं बादली ठेवली. टेकाडाच्या माथ्यावर परत चढली. ओढणीचं टोक दातांतून निसटलं की तिनं सोडलं, तिला कळलं नाही. वारा तिच्या पाठीमागून टाकीराकडे जात होता. माहेरी, वसंताच्या सांजेला, मुली घोळका करून जी गाणी म्हणत, हनुवटीखाली बोटं आपटून आवाजाला लाटा देत, ती लग्न झालेल्या बाईनं म्हणायची नसतात. पण ऐकणाऱ्याला एवढंच वाटेल, की घर रिकामं आहे, सासू गावाला गेलीय, आणि सुनेला वाटतंय आपलं कोण ऐकतंय.

तिनं हनुवटीखाली बोटं धरली.

*दिली गं दूर देशी, सात वाळूंच्या पल्याड,*
*आई, तुझ्या अंगणाचं मला दिसेना कवाड.*

पहिली ओळ फाटली. सात महिने मोठ्यानं न वापरलेला आवाज, त्याला घडी पडली होती. दुसरी मात्र उलगडली. वाऱ्यानं ती उचलली आणि पदरात घालून नेल्यासारखी पुढे नेली.

टोपी थांबली.

*वाऱ्या रे, थांब थोडा, पाऊलखुणा नको पुसू,*
*रानात गेलं माझं कुणी, त्याच्यावर नको रुसू.*

टोपी वळली. सावकाश, पण तिच्याकडे. एक पाऊल, मग दुसरं. काठी पुढे टेकत नव्हती, छातीशीच होती. म्हातारा ताठ चालत होता, जसा कळपामागून चालतो. तुमार म्हणत राहिली. आठवलेली संपली तेव्हा मनाची जुळवली; विहिरीची, रोटीची, करकोच्यांची. ते डावीकडे कलले की तिचा सूर आपोआप चढे, सरळ आले की उतरे. कुणी दोरी ओढतंय असं त्या दोघांतल्या कुणालाही वाटू नये, इतकी ती सैल ठेवायची होती.

*विहीर माझी गोड पाण्याची, काठावरती ऊन सांडे,*
*येणाऱ्याच्या तहानेला भरून ठेवलेत मी हांडे.*

ते टेकाडाच्या पायथ्याशी आले. खांद्यावर मेंढी होती, चारही पाय छातीवर धरलेले. तुमार मध्येच थांबली नाही. ओळ पुरी केली, मग घराच्या मागून उतरली, ओढणी दातांत धरली आणि पॅनेलपाशी जाऊन स्वच्छ काच पुन्हा पुसू लागली.

आगांनी हौदाशी मेंढी उतरवली. कुत्रा त्यांच्या पायांत घोटाळला.

"काय रे," ते कुत्र्याला म्हणाले, "आज लवकर आलात वाटतं सगळे."

मग ओंजळीनं पाणी प्याले. बराच वेळ पीत राहिले.

दिवस मावळायच्या आत ट्रक परतला. नूरतेचची दाढ निघाली होती. गालावर फडकं बांधून ती आली आणि बसता बसता डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली, पण त्यातलं निम्मं कुणाला कळलं नाही. अंगणात सतरंजी पसरली. हिरवा चहा आला, रोट्या आल्या, उंटिणीचं आंबवलेलं दूध आलं. नूरतेचनं वाटी नवऱ्याच्या बोटांना लागेल अशी सरकवली.

"आज घरात सगळ्याच मुक्या," आगा म्हणाले.

"तुमची चैन आहे," फडक्याआडून उत्तर आलं.

गुवानच रोटी मोडत होता. थांबून त्यानं बायकोकडे पाहिलं.

"आज बाबा वेळेवर आले होते ना?"

आगांची वाटी तोंडाशी जाताना अर्ध्यावर राहिली. ते समोर बघत होते, जिथं कुणीच बसलं नव्हतं.

तुमारनं मान हलवली. हो.

म्हाताऱ्याला ती हललेली मान दिसली नव्हती. आपल्याबद्दल काय ठरलं, हे त्या सगळ्यांत एकट्या त्यांनाच कळलं नव्हतं.

"बरं झालं," गुवानच म्हणाला आणि रोटी दुधात बुडवली. "मी उगाच घोर लावून घेतला दिवसभर."

वाटी ओठांना लागली. आगांनी चहा संपवला. गुवानच ट्रकवरचं सामान उतरवायला उठला. त्याची पावलं लांब जाईपर्यंत ते बसून राहिले, मग त्यांनी चेहरा वळवला, बायकोकडे नव्हे, तुमार बसली होती त्या बाजूला. नेमका नाही, थोडा बाजूला, तिच्या खांद्यापलीकडे.

"पोरी," ते म्हणाले.

नूरतेचच्या हातातली किटली तशीच थांबली.

"उद्या वारा उत्तरेचा आहे. थोडं मोठ्यानं म्हणावं लागेल."

तुमारनं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं ओढणीचं टोक दातांतून काढलं.

"म्हणेन, बाबा."