कुंकू लागलेली गुणपत्रिका

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. मी स्कॅनही करतो, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. इथे परदेशात, पाया लेबार भागातल्या एका मॉलमधून रघुवीररावांनी मला सेलमध्ये उचलले, तेव्हापासून क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. रघुवीरराव जहाजावरचे इंजिनियर. त्यांची मुलगी रुचिरा शाळेत असताना तिची चित्रे, पाढे, प्रकल्प सगळे मीच छापले. तेव्हा माझे फार कौतुक होई. पुढे सगळे मोबाइलवर आले आणि माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी आली.

वर्षातून एकच दिवस मला मान मिळे, तो दसऱ्याचा. गेल्या दसऱ्याला मिक्सर आणि फ्रिजची पूजा उरकून स्वारी माझ्याकडे वळली. "अगं कुमुद, यंत्राला बाहेरून कुंकू लावून काय उपयोग? काळीज आत असतं," असे बायकोला सांगत रघुवीररावांनी माझे झाकण उघडले आणि ओल्या कुंकवाचे बोट थेट काचेवर टेकवले. मला गुदगुल्या झाल्या. मग झाकण बंद झाले आणि बरणी पुन्हा वर आली.

मार्चमध्ये रुचिराला माझी गरज पडली. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा संपत आला होता आणि तिला विद्यापीठात जायचे होते. पण तिचा जीपीए, म्हणजे तिन्ही वर्षांच्या गुणांची सरासरी, होता चारपैकी दोन पूर्णांक चार! दोन ठिकाणांहून नकार आले होते. हा शेवटचा अर्ज होता. "गुणांचा विषय आपण होऊन काढायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची," असे रघुवीररावांनी तिला बजावले होते. तिने घाईघाईने गुणपत्रिका माझ्यात स्कॅन केली आणि न बघताच पाठवून दिली. अशाने काय होते ते पुढे ऐका.

दहा दिवसांनी ऑनलाइन मुलाखत झाली. लॅपटॉप माझ्या शेजारीच होता. पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या मिसेस लिम चष्मा वर करून इथल्या खास तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "युअर जीपीए, ओन्ली रेड स्पॉट. यू कव्हर इट, इज इट?"

रुचिरा गोंधळून माझ्याकडे वळली. तिने माझे झाकण उघडले, तर काचेवर वाळलेले कुंकू! इतक्यात दाराआड कान लावून उभे असलेले रघुवीरराव हाफपँटवरच धावत आले. "मॅडम, दॅट इज माय कुंकू! आय डिड पूजा ऑफ प्रिंटर!"

"प्रिंटर ऑल्सो मस्ट प्रे, आह?" बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी विचारले, "सो अंडरनीथ, हाऊ मच?"

रघुवीरराव डोळ्यांनी खुणा करू लागले. रुचिराने त्यांच्याकडे पाहिलेच नाही.

"टू पॉइंट फोर, मॅडम. फर्स्ट इयर वन पॉइंट टू. लास्ट इयर थ्री पॉइंट थ्री."

"फर्स्ट इयर व्हाय सो लो?"

"एव्हरीवन सेड, इंजिनियर्स डॉटर, शुअर नो एव्हरीथिंग. सो आय वॉज शाय, नेव्हर आस्क. सेकंड इयर देन आय स्टार्ट आस्किंग, लाह."

रघुवीररावांचे खुणावणे थांबले. ते हळूच खुर्चीत बसले. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली.

तीन आठवड्यांनी पत्र आले. प्रवेश मिळाला होता, पण पहिल्या सत्रात चांगले गुण मिळवण्याच्या अटीवर. ते पत्र मीच छापले, तेही एका दमात, कागद न अडकवता! तेवढ्यात पुण्याहून रघुवीररावांच्या थोरल्या भावाचा, निशिकांतदादांचा, फोन आला. नेहमीचाच प्रश्न, किती पडले?

रघुवीररावांनी घसा साफ केला. "दोन पूर्णांक चार, दादा. नाही, पाचपैकी नाही, चारपैकी. हो, कमीच आहेत. पण तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी नसतं सांगितलं."

रुचिरा पत्र हातात धरून वडिलांच्या शेजारी येऊन बसली.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना अधूनमधून चालवत जा, पडून राहिलो की आम्ही बिघडतो. आणि घरात कुणाला कमी गुण पडले, तर आधी त्याच्याजवळ बसून काय कळत नाही ते विचारा. काका-मामांचे फोन नंतर घ्या.