बिनमुंडक्याची माणसं

आमच्या सुनेला एका हाकेत उठलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. "आले हं आई" म्हणते आणि तिथेच बसून राहते, पेन्सिल चघळत. काजं करायला दिलेला कोट मांडीवर आणि कोटावर वही. दोन वर्षं हेच चाललंय. क्लास नाही, मास्तर नाही, मोबाइलमध्ये बघून बघून माणसं काढते. डोळे बशीएवढे, नाक म्हणजे नुसता ठिपका. म्हातारा असो की तान्हं बाळ, सगळ्यांचं तोंड एकच. एकदा मी विचारलं, "ही सगळी एकाच आईची का गं?" तर दोन दिवस फुगून बसली.

मुलांच्या एका मासिकाला ती चित्रं पाठवते. दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी तिथल्या संपादक बाईंनी लिहिलं, 'हात सफाईदार आहे, पण यात तुमचं स्वतःचं काय? शेवटचं एकदा बघू. शुक्रवारी संध्याकाळच्या आत पाठवा.' ती चिठ्ठी तिने मशीनच्या खणात लपवली होती. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण एवढं वाचता येतं मला.

शुक्रवारी सकाळी माझ्याच हातून घात झाला. कपडे बेतायचा खाकी कागद आमच्या शिवणाच्या दुकानात दोन्ही बाजूंनी वापरायचा, हे वळण माझंच. तिने त्याच कागदावर ओळीने पाच माणसं काढून तो मेजावर पालथा ठेवला होता. मी वरच्या कडेला शर्टाची कॉलर आखली आणि कात्री चालवली. उलटून बघते तर पाचही जणांची मुंडकी चिरलेली!

सून आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. रडली नाही. रडली असती तर मीच तिच्यावर ओरडून मोकळी झाले असते.

माफी मागायची मला सवय नाही. उरलेला कागद घेऊन मी खिडकीशी गेले, काही चिकटवता येतंय का बघायला.

"अगं, हा आपला पोस्टमन ना?"

"डोकं नाही त्याला, आई. कशावरून ओळखलंत?"

"डावा खांदा बघ की, पिशवीने पार उतरलाय. त्याच्या शर्टाला त्या बाजूचा उतार मी दरवेळी अर्धा इंच वाढवते. आणि ही बेकरीवाली. टेप लावला की पोट आत घेऊन उभी राहते, लबाड कुठली!"

सून उठून जवळ आली. "सगळा जीव मी चेहऱ्यांत घातला होता. अंगं आपली हाताला येतील तशी काढली."

"येणारच. सहा वर्षं लोकांची मापं घेतेयस. तोंडं मात्र त्या मोबाइलवाल्यांची उसनी आणतेस."

तिने नवा कागद घेतला आणि आतल्या खोलीचं दार लावलं. दिवसभर गिऱ्हाइकं मीच सांभाळली.

पाच वाजता तिने कागद माझ्यापुढे धरला. पोस्टमनचं तोंडही आता खांद्याकडे कललेलं, बेकरीवालीचे गाल श्वास कोंडून फुगलेले. आणि कडेला एक नवीनच बाई. हातात कात्री, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, जगात एकटीलाच अक्कल असल्यासारखी उभी.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सून दाराला धरून उभी होती.

"नाक माझं एवढं मोठं नाही," मी म्हटलं. "पण हे तुझं आहे गं, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. नाकाला हात न लावता पाठव, आणि मग त्या कोटाची काजं कर."