वाकडी पन्हाळ

उदगीरच्या अडत बाजारात लोक डाळ गिरणीच्या रोलला भीत नसत तेवढे दानम्माच्या जिभेला भीत. रोलवर तुरीचं टरफल निघतं, दानम्मापुढं माणसाचं. नवरा शंकरप्पा गेला तेव्हा भावकीनं आणि बाजारानं मिळून ठरवून टाकलं होतं, की बाईमाणसाच्यानं काही गिरणी चालायची नाही, दिवाळीच्या आत पत्रे विकायला काढील. दानम्मानं पत्रे काढले नाहीत, उलट दुसरी शेड टाकली. शाळा तिची दुसरीतच सुटली होती, पण बोलण्यात ती वकिलाला पाणी पाजायची. आणि त्या दिवसांपासून एक वाक्य तिनं गळ्यातल्या लिंगासारखं जपलं होतं. "आमी कुनाच्या दारी गेलो न्हाई."

वाक्य झोकदार होतं. खरं नव्हतं, एवढंच.

कारण ती गेली होती. खाजामियाँच्या दारी गेली होती, आणि एकदा नाही, अख्खा उन्हाळा. खाजामियाँचा पत्राकामाचा कारखाना गिरणीच्या मागच्या गल्लीत. कारखाना कसला, एक वेल्डिंगचं मशीन, एक ऐरण आणि हाताखाली मुलगा अजहर. झालं होतं असं, की गिरणीत डाळ पट्ट्यानं वर चढायची आणि उंचावरून लोखंडी टाकीत आदळायची. आदळली की कडा उडायच्या. डाळ कमी आणि चुरी जास्त. चुरी काय, जनावरांच्या तोंडी.

एक दिवस स्वयंपाकघरात सून वर्षाराणी डब्यात डाळ ओतत होती. दानम्मानं सवयीनं टोकलं, "वरनं काय फेकतीस, कडंकडंनं सोड की." आणि बोलता बोलता स्वतःच थबकली. तशीच उठली आणि खाजामियाँच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली.

"खाजाभाई, डाळ पडली न्हाई पायजे. घसरत खाली आली पायजे."

"म्हंजे लेकराची घसरगुंडी करायची का, अक्का?"

"करा. डाळ आमाला लेकरापेक्षा कमी हाय का?"

पहिली पन्हाळ सरळ केली. डाळ इतकी सुसाट आली की चुरी होती त्याहून वाढली. दुसरी वाकडीतिकडी केली, ती तुंबली आणि वरून उतू जाऊन सगळी डाळ महादेवीच्या डोक्यावर. महादेवी गिरणीत झाडझूड आणि निवडायचं काम करायची. केसातली डाळ झटकत ती म्हणाली, "वळनावर खडखड वाजतंय ना, तितंच फुटतंय बगा. तितं कायतरी मऊ लावा." अजहरनं जुन्या स्कूटरची ट्यूब कापून वळणावळणावर चिकटवली. मग उतार कमी कर, पत्रा काढ, पुन्हा घाल, असं करता करता उन्हाळा सरला. खाजामियाँची बायको सुलतानबी चहा धाडायची, दानम्मा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यायची. शेवटी डाळ अशी उतरली, जशी नवी नवरी जिना उतरते. चुरी नावाला. मग बाजारातल्या इतर गिरण्यांनीही खाजामियाँकडून तशीच करून घेतली आणि 'वाकडी पन्हाळ' हे नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

हे सगळं नीट चाललेलं असताना नांदेडहून बुद्धप्रिया आली.

ती तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिचं संशोधन चाललं होतं, की लहानसहान कारखान्यांत नवी गोष्ट निघते ती कशी निघते, आणि कोण कुणाच्या साथीनं ती काढतं. लातूर-उदगीरच्या डाळ गिरण्या तिनं त्यासाठी धरल्या होत्या. बोलायला गोड, ओढणी डोक्याला गुंडाळून पार पट्ट्यापर्यंत चढून पन्हाळ बघून आली. मग दानम्मासमोर बसली आणि मोबाईल मधे ठेवला.

"मावशी, ही पन्हाळ कुणी केली?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"आमी म्हंजे आमी. गिरनी आमची, डाळ आमची, मग पन्हाळ काय शेजाऱ्याची आसल?"

"तसं नाही. करताना कुणाला विचारलं असेल, कुणाची मदत झाली असेल. कारागीर, कामगार, दुसरे गिरणीवाले."

आता इथं दानम्माचं चुकलं, आणि ते असं चुकलं की आपल्याकडची कुठलीही बाई अशीच चुकली असती. सोयरिकीच्या चौकशीला पाहुणे आले की घरातलं सगळं आपलंच म्हणायची रीत. शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या आपल्या, जावेच्या हातचे लाडू आपले, मुलानं नोकरीही कुणाच्या ओळखीनं धरलेली नाही. मदत घेतली म्हणणं म्हणजे घराला भोक आहे म्हणणं. दानम्मानं जन्मभर चौकशी म्हणून हीच एक पाहिलेली. परकी बाई समोर बसून विचारतेय, म्हणजे घर तोलायला आलीय, हे तिच्या डोक्यात पक्कं झालं. तिनं पदर सावरला.

"आमी कुनाच्या दारी गेलो न्हाई. आसंच लिव्हा."

पलीकडं सूप घेऊन बसलेल्या महादेवीचा हात थांबला. मग पुन्हा पाखडू लागला.

बुद्धप्रिया गेल्यावर वर्षाराणी हळूच म्हणाली, "अत्या, खाजाचाचांचं नाव घ्यायचं होतं."

"गप. परक्यापुढं घरातलं काडू न्हाई."

"ते घरातलं कुटं, ते तर कामातलं."

"शिकलीस म्हनून लई बोलू नको."

थोड्या दिवसांनी खाजामियाँ रोल बघायला आला. हात पुसत पुसत म्हणाला, "ती नांदेडची पोरगी आमच्याकडं बी आली होती, अक्का. लई चांगली पोरगी. म्हनली, पाहनी झाली की एका कारखान्यात सगळ्यांच्या कामाचं मशीन बसवनार. नवा नमुना करायचा, तपासायचा, बिगडला तर पुन्हा करायचा, मोडीचं टेन्शन न्हाई. पर गिरनीवाले ज्याच्यासंगं मिळून काम केलं म्हनतील, त्याच्याकडंच. अजहरचं आयुष्य निघंल त्याच्यावर." मग हसून म्हणाला, "तुमी तर सांगितलंच आसल."

दानम्माच्या तोंडात सुपारी होती. ती तिनं एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"सांगितलं की," ती म्हणाली.

पहिलं खोटं अडाणीपणात गेलं म्हणता आलं असतं. हे दुसरं डोळे उघडे ठेवून गेलं. बुद्धप्रियाचा नंबर वर्षाराणीच्या मोबाईलमधे होता. "जरा फोन लाव गं त्या बाईला," एवढंच म्हणायचं होतं. पण फोनवर म्हणायचं काय? मी तवा फेकलं होतं, म्हणून? सकाळी पूजेला बसली की ठरवायची, आज लावू. पूजा उरकली की बाजाराचं काम निघायचं, आणि कामाच्या आड लपायला दानम्माइतकं कुणाला जमत नव्हतं.

मग पाहणीत काय निघालं ते सांगायला बुद्धप्रियानं लातूरला बैठक ठेवली. उदगीरहून सगळे एकाच क्रूझरमधून निघाले. पुढं ड्रायव्हरजवळ खाजामियाँ, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, कानात अत्तराचा फाया. मधे दानम्मा आणि वर्षाराणी. मागं धोंडप्पा आणि दुसरे दोन गिरणीवाले. धोंडप्पाची गिरणी दानम्माच्या गिरणीसमोर, आणि त्याचं सगळं आयुष्य समोर बघण्यात गेलेलं.

"खाजामियाँ, आज लग्नाला चाललाव जनू," धोंडप्पा म्हणाला.

"लग्न अजहरचं हाय, मशीनसंगं," खाजामियाँ म्हणाला, आणि सगळे हसले. दानम्मा नळेगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

हॉलमधे पडद्यावर बुद्धप्रियानं एक चित्र लावलं. गोल गोल वर्तुळं, आणि त्यांच्यामधे बाण. ज्यानं ज्याचं नाव मदतीला घेतलं, त्याच्याकडं त्याचा बाण. कुठल्याच वर्तुळावर नाव नव्हतं, नुसती क, ख, ग अशी अक्षरं. पण उदगीरच्या माणसाला नाव लागतं कुठं? मधलं मोठं वर्तुळ कोणतं, हे खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांनी एका नजरेत ओळखलं. अक्षर ओळखायला दानम्माची दुसरी पुरेशी होती.

"या गिरणीचं नाव सगळ्यांनी घेतलं आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "कारागिरानं घेतलं, इतर गिरण्यांनी घेतलं, कामगार बाईनंही घेतलं. म्हणाले, इथंच बसून शिकलो, इथंच प्रयोग केला, डाळ वाया गेली तरी मालकीण रागावल्या नाहीत. पण एक गोष्ट मला उलगडली नाही. या गिरणीकडून एकही बाण बाहेर निघत नाही."

दानम्मानं चित्राकडं पुन्हा बघितलं. चहूबाजूंनी बाण येऊन तिच्या वर्तुळाला टेकलेले, आणि ती मधे बसलेली. भरल्या पंगतीत सगळ्यांनी वाढावं आणि आपण आपलं ताट झाकून धरावं, तसं. महादेवीनंसुद्धा नाव घेतलं होतं. सूप पाखडत तिनं दानम्माचं ते वाक्य ऐकलं होतं, तरी घेतलं होतं.

"म्हणून मागच्या गल्लीतल्या कारखान्याबद्दल मला खात्रीनं म्हणता येत नाही," बुद्धप्रिया पुढं म्हणाली. "पन्हाळ ज्या गिरणीत पहिल्यांदा बसली, तिनंच त्याचं नाव घेतलं नाही. मिळून केली, की नुसती ऑर्डर घेऊन बनवून दिली, हे ठरत नाही."

"त्यात ठरवायचं काय," मागून धोंडप्पा म्हणाला. "बाईंनी एकलीनंच केली. आमाला तर रोजच ऐकायला मिळतंय."

कुणीतरी नाकातून हसलं. दानम्मानं बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात पुढच्या रांगेत खाजामियाँ उभा राहिला. त्यानं मागं वळून तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मॅडम, ते आसं झालं," तो म्हणाला. "मीच अक्कांना बोललो होतो, माझं नाव घेऊ नका म्हनून. आमाला नावबिव आवडत न्हाई. त्यांची चूक न्हाई काही."

"पण चाचा, मशीनसाठी ते नाव लागणार होतं."

"मालूम हाय. जाऊ द्या."

आणि तो खाली बसला. कुर्ता चुरगळू नये म्हणून मागून सारखा करून बसला.

चहाला सगळे उठले. दानम्मा बसूनच राहिली. वर्षाराणीनं कप आणून हातात दिला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दानम्माला कुणी टाकून बोललं असतं तर तिनं दुप्पट परत केलं असतं. पण ह्या माणसानं पोराचं आयुष्य उचलून तिच्या उघड्या डोक्यावर पदरासारखं टाकलं होतं, आणि ते परत कसं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. झाकलेलं तसंच ठेवलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. धोंडप्पाला संशय आला असता, पण संशय तर त्याला सूर्य उगवला तरी यायचा.

लोक परत बसले तशी ती उठली.

"खाजाभाई खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्यांनी मला काई सांगितलं नव्हतं. नाव मीच घेतलं न्हाई. पन्हाळ त्यांनी वाकवली, अजहरनं टूब लावली, कुटं लावायची ते आमच्या महादेवीनं सांगितलं. मी नुसतं डाळ आनि जागा दिली, आनि सुचलं ते बडबडले. पुन्हा त्यांनी मला विचारलं, तर नाव घेतलं म्हनून सांगितलं. ते बी खोटं."

आता कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

"मग दोघांतलं खरं कोन, ते आदी ठरवा," धोंडप्पा म्हणाला. "मघाशी ते उठले, आता ह्या उठल्या. दोन्ही उदगीरचेच."

बुद्धप्रियानं खाजामियाँकडं बघितलं. "चाचा?"

खाजामियाँ मान खाली घालून बसला होता. पांढऱ्या कुर्त्याची इज्जत घेऊन आलेला माणूस, आणि भरल्या सभेत खोटा पडला होता. कुणी पाडला, तर जिच्यासाठी खोटं बोलला तिनंच. दानम्माला हे उभं राहायच्या आधी दिसलं नव्हतं. आता दिसलं.

"अक्का म्हनतात तेच खरं," तो म्हणाला.

बुद्धप्रिया म्हणाली, की ती उदगीरला पुन्हा येईल, सगळ्यांना पुन्हा विचारेल, तोवर मशीनचं काही ठरणार नाही. ठरेलच असंही ती म्हणाली नाही.

परतताना क्रूझरमधे खाजामियाँ ड्रायव्हरशी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता. उदगीरला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. तो उतरला, सगळ्यांना सलाम केला. दानम्मानं खिडकीची काच खाली केली.

"खाजाभाई. चारचौघांत तुमाला खोटं पाडलं मी."

तो खिडकीशी आला. "पाडलं न्हाई, अक्का. मी खोटाच होतो तवा. त्याचं काई न्हाई." मग खिडकीवर हात ठेवला. "पर पयल्यांदा का न्हाई सांगितलं? त्या पोरीनं तर सीधा सवाल केला होता."

दानम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"लाज वाटली," ती म्हणाली.

"माझी?"

"न्हाई. तुमची गरज लागली, त्याची."

खाजामियाँनं मान हलवली. रागानं नाही आणि मायेनंही नाही. एखाद्या जोडाची चीर कुठं आहे हे कळल्यावर तो मान हलवायचा, तशी.

"रोल झिजलाय तुमचा, घासावा लागंल," तो म्हणाला. "सकाळी अजहरला धाडतो."

तो स्वतः येतो असं म्हणाला नाही. दानम्मानं विचारलंही नाही. तिनं काच वर केली, आणि वर्षाराणीनं ड्रायव्हरला गाडी पुढं घ्यायला सांगितली.