गरजू बाई पाहिजे

गुरुवारी सकाळी दहापर्यंत एक गरजू बाई मिळाली नाही, तर स्वयंपाकघराला कुलूप लागणार होतं. झेनायदा बारागाननं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, तरी मजकूर काही बदलला नाही. पैसे देणाऱ्या निधीच्या मिस व्हिटकम स्वतः येणार होत्या आणि त्यांना संस्थेच्या एका लाभार्थी बाईशी बोलायचं होतं. फक्त एकीशी. आणि नेमकी ती एकच संस्थेकडे नव्हती.

दोष झेनायदाचा होता आणि नव्हताही. चार वर्षांपूर्वी तिनं शिकागोत 'सव्विसाव्या रस्त्याच्या बायका' ही संस्था काढली, तेव्हा हाताशी होती एक रिकामी खोली आणि शहराचा परवाना. परवान्याच्या स्वयंपाकघरातले तमालेस, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, उजळ माथ्यानं विकता येतात. घरी केलेले कूलरमध्ये लपवून विकायचे आणि इन्स्पेक्टर दिसला की पळायचं. पण खोलीत ना भांडं होतं ना चमचा. मग तिनं तेच केलं, जे त्या रस्त्यावरची कुठलीही आई मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला करते. माद्रिना शोधल्या. केकची मानाची आई एक, मुकुटाची दुसरी, बुटांची तिसरी. जी ज्याची माद्रिना, तिनं ते आणायचं आणि जन्मभर मिरवायचं. बायकांनी हौसेनं स्वयंपाकघर भरून टाकलं. पुढे सरकारी अर्जात 'नाव' आणि 'पद' असे दोन रकाने आले. 'मोठ्या पातेल्याची माद्रिना' हे पद सरकारला काय डोंबल कळणार? झेनायदानं सरसकट 'संचालिका' लिहिलं.

अशा त्रेचाळीस संचालिका झाल्या. नियम सांगतो की संचालिकेला संस्थेचा लाभ घेता येत नाही. इथे लाभ घेणाऱ्या त्रेचाळीस होत्या, आणि त्या याच त्रेचाळीस.

त्यांना मात्र पद अंगी लागलं होतं. सगळ्यांनी कार्डं छापून घेतली. दाराची संचालिका अम्पारो तीन आठवडे मेक्सिकोत, मिचोआकानला गावी गेली, तेव्हा बाकीच्या जणी मक्याच्या पिठाची पोती घेऊन खिडकीतून आत येत होत्या. किल्ली होती की. पण अम्पारोचा मान ठेवायला नको?

झेनायदा सगळ्यात आधी ओब्दुलियाकडे गेली. ओब्दुलिया पातेल्याची संचालिका, वय साठ, आवाज पातेल्याएवढाच.

"अगं कोमाद्रे, मैत्रीण ना माझी, एका दिवसापुरता राजीनामा दे. तासभर गरजू हो."

"मी? गरजू?" ओब्दुलियानं पीठ मळायचं थांबवलं. "माझ्या लेकीच्या सासूनं माझं कार्ड फ्रिजवर लावलंय, बाई! तिला काय सांगू, मला काढून टाकलं म्हणून?"

"कुणी काढत नाहीये गं."

"मग स्वतःहून कोण जातं? चोरी केलेली बाई जाते."

पडद्यांची संचालिका माक्लोव्हिया जरा समजूतदार निघाली. ती म्हणाली, "होते मी गरजू, पण साडेदहापर्यंतच, आणि संचालिकांच्या यादीतून नाव न काढता. अकराला पाद्रीबाबांकडे मीटिंग आहे आणि तिथे मला संचालिका म्हणूनच जायचंय. आणि हे बघ, कपडे मी चांगलेच घालणार. फाटके घालून आलेली मला कुणी पाहिली, तर माझ्या शिवणकामाकडे कोण येईल?"

बुधवारी अम्पारोनं कमाल केली. पुएब्लाहून नुकतीच आलेली एउलोखिया नावाची बाई तिला लॉन्ड्रीत भेटली. काम नाही, परवाना नाही, मिरच्यांचा दाट रस्सा, मोले, मात्र असा करते की बोटं चाटत राहावं. झेनायदाच्या जिवात जीव आला. पण एउलोखिया संस्कारी घरातली. परक्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून तिनं येताना मिठाची बरणी आणली. झेनायदा फोन ठेवून बाहेर येईपर्यंत बायकांनी टाळ्या वाजवून तिला मिठाची संचालिका करून टाकलं होतं.

"अगं, काय केलंत हे!" झेनायदा ओरडली. "एवढी चांगली गरजू बाई नासवलीत!"

"मग तिनं आणलेलं मीठ फुकट घ्यायचं होतं का?" ओब्दुलिया म्हणाली. "शोभतं का ते आपल्याला?"

आता चव्वेचाळीस झाल्या.

गुरुवारी मिस व्हिटकम आल्या. अम्पारोनं त्यांना दार उघडून दिलं आणि कार्डही दिलं. मग एकेक करत सगळ्याच पुढे आल्या. मिस व्हिटकमच्या हातात पत्त्यांचा कॅट झाला. शेवटी त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "आणि तुम्ही ज्यांना मदत करता, त्या कुठे आहेत?"

  झेनायदाच्या डोळ्यांपुढे ओब्दुलिया आली, पूर्वीसारखी बर्फात कूलर ओढत पळणारी. खरं सांगून टाकावं आणि माफी मागावी, असं ठरवून तिनं तोंड उघडलं.

"ही काय," ओब्दुलियानं झेनायदाकडे बोट दाखवलं.

"या तर संस्थापक आहेत," मिस व्हिटकम म्हणाल्या.

"असेल. तुमच्याकडच्या संचालिकांच्या यादीत बघा, तिचं नाव आहे का?"

मिस व्हिटकमनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. नव्हतं. ज्या घरचा समारंभ, त्या घरची बाई स्वतः माद्रिना होत नाही. झेनायदाला स्वतःचं नाव घालायचं सुचलंच नव्हतं.

"सहा दिवस रात्रपाळीत हॉटेलच्या चादरी धुते," ओब्दुलिया म्हणाली. "सातव्या दिवशी आमचे अर्ज भरते. आमचे सगळ्यांचे धंदे झाले, हिचा काही नाही. हिच्याहून गरजू बाई या रस्त्यावर मिळाली तर मला दाखवा."

"ओब्दुलिया, गप्प बस!" झेनायदाचे कान तापले. एवढी लाज तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. आणि लाजेखाली आणखी काहीतरी होतं, कारण चव्वेचाळीस माना एकदम हलल्या होत्या. या बायकांना सगळं ठाऊक होतं, आणि कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

मिस व्हिटकमनी फॉर्म काढला. "तुम्हाला स्वतःसाठी काय करायचं आहे?"

हा प्रश्न झेनायदानं याच टेबलावर प्रत्येकीला विचारला होता. 'मला येत नाही काही' म्हणणाऱ्यांकडून तिनं उत्तरं अक्षरशः ओढून काढली होती. आता स्वतःची पाळी आली, तर डोकं कोरं. मागून कुजबूज सुरू झाली: बेकरी सांग, फुलांचं दुकान सांग, अगं काहीतरी सांग!

"मला झोपायचंय," ती म्हणाली. "रविवारी. उशिरापर्यंत." आणि ती भर सभेत रडायला लागली.

मिस व्हिटकमनी 'व्यवसायाचं स्वरूप' या रकान्यात ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "किती रविवार?"

झेनायदानं ओब्दुलियाकडे पाहिलं. ओब्दुलिया पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती.

"सगळे लिहा," ओब्दुलिया म्हणाली. "अर्ज भरायला आम्ही शिकू."